झाडू कोणाच्या हातात?

वस्तीत आरोग्याच्या बैठका घेताना एक वाक्य आम्हाला घरोघरी ऐकू येतं. "ताई, आमच्या सासू-सासऱ्यांनी दुसऱ्याच्या दारचा केर काढला, आम्ही लोकांची धुणीभांडी केली. माझ्या पोराच्या हातात झाडू देणार नाही. त्याच्या हातात पेनच पाहिजे."

या वाक्यामागचं दुःख आम्हाला परकं नाही. आपल्या माणसांकडून पिढ्यान्‌पिढ्या जे काम करून घेतलं गेलं, त्याला कष्टाचं मोल शिकवणं म्हणत नाहीत. ती सक्ती होती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात दाखवून दिलं की जात ही केवळ कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. कोणी काय करायचं हे जन्मावरून ठरतं आणि मग त्या कामासोबत माणूसही हलका ठरतो.

पण त्याच घरात आम्ही आत पाहतो तेव्हा मोरीपाशी बारा-तेरा वर्षांची मुलगी भांडी घासत असते. केर तीच काढते, नळाच्या रांगेत हंडा घेऊन तीच उभी असते, धाकट्या भावाला तीच सांभाळते. पोराच्या हातातला झाडू सुटला खरा, पण तो गेला कुठे? बहिणीच्या हातात. म्हणजे काम जन्मावरूनच ठरलं. बाहेर ते जातीवरून ठरत होतं, आपल्या घरात मुलगी म्हणून ठरलं. ज्या नियमाविरुद्ध आपण लढलो, तोच नियम आपण चुलीपाशी पाळतो आहोत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणी विचारेल. तर ऐका. एका वस्तीत तेरा वर्षांची मुलगी नळावर चक्कर येऊन पडली. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. या वयाच्या मुलीचं ते किमान बारा हवं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरचा हंडा, दिवसाला सहा खेपा, म्हणजे नुसतं पाणीच नव्वद किलो झालं. पहाटे उठून हे करायचं, चहा-बटर खाऊन शाळेत जायचं, पाळी सुरू झालेली, आणि घरात सगळे जेवल्यावर उरेल ते ताटात. रक्त वाढणार कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. रक्त कमी होण्याची कारणं पाळी, आहार, जंत अशी अनेक आहेत. पण रक्त कमी असलेल्या अंगावर कष्टाचा डोंगर टाकला की मुलगी आणखी खचते, तिचं अभ्यासात मन लागत नाही, आणि आपण म्हणतो, "हिचं डोकंच चालत नाही."

देशभर चित्र काय आहे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. मुळात हात लावणारे पुरुषच चारात एक.

मग मुलांना काम सांगायचंच नाही का? उलट. सगळ्यांना सांगायचं, मुलालाही आणि मुलीलाही. वॉर्डात काम करताना आम्ही बेडपॅन उचलली, जखमा धुतल्या. त्याच वॉर्डात असेही धडधाकट मुलगे पाहिले, ज्यांना स्वतःच्या आजारी आईला पाणी पाजता येत नव्हतं. चादर ओली झाली की ते "मावशी" म्हणून हाक मारत आणि बाहेर जाऊन उभे राहत. तथागतांची एक गोष्ट विनयपिटकात आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू त्यांना दिसला, त्याच्याजवळ कोणी नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन अंथरुणावर निजवलं. आपल्या मुलांना शिकवायचं ते हे काम. ते हलकं नाही आणि ते दुसऱ्या कोणाचं नाही.

वयाप्रमाणे काम द्यावं. चार-पाच वर्षांचं मूल आपलं ताट उचलून मोरीत ठेवू शकतं, चपला जागेवर लावू शकतं. सात-आठ वर्षांचं मूल कपड्यांच्या घड्या घालेल, डाळ-तांदूळ निवडेल. दहा-अकराव्या वर्षी केर काढणं, आपला गणवेश धुणं, पिण्याच्या पाण्याचा माठ घासणं जमतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस त्याच्याकडेच सोपवा: पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्यात वाढून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला हे केलं तर साखळी तुटते. तेरा-चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या देखरेखीखाली भात-वरण यावं. आणि जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाणी करता यावं. चमचा चहाचा.

काही कामं मात्र देऊ नयेत. संडास साफ करायचं ॲसिड, उकळतं पाणी, रॉकेलचा स्टोव्ह, भरलेला मोठा हंडा, आणि शाळा बुडवून दिवसभर तान्हं बाळ सांभाळणं. कायदाही घरच्यांना मदत शाळेच्या वेळेबाहेर आणि सुटीतच मान्य करतो. बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ साली कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कष्टाला मान द्यायचा तर विश्रांतीलाही द्यावा लागतो. मोठ्या कामगाराला जो हक्क मिळाला, तो आपल्या पोरीला घरात का नसावा? अभ्यास आणि झोप आधी, काम नंतर.

आणखी एक. काम शिक्षा म्हणून देऊ नका. "मार्क कमी पडले, आता घास भांडी" असं म्हटलं की मूल शिकतं, भांडी घासणारा माणूस नापास असतो. मग त्याची आई कोण ठरली?

काही शाळांत आपल्याच मुलांना संडास धुवायला लावल्याचं पालक सांगतात. तिथे गप्प बसू नये. वर्गातली सगळी मुलं आळीपाळीने वर्ग झाडत असतील तर ती चांगली सवय आहे. यादीत फक्त आपल्याच वस्तीची नावं असतील तर ती जात आहे. चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी विचारावं. पण हा प्रश्न ताठ मानेने विचारायचा असेल, तर आपल्या घरची यादीही तपासलेली बरी.

म्हणून या रविवारी विहारातून वंदना करून आलात की घरातले सगळे एकत्र बसा. वहीच्या पानावर घरातली सगळी कामं लिहा, पाणी भरण्यापासून अंथरुणं घालण्यापर्यंत. प्रत्येक कामासमोर सध्या ते कोण करतं त्याचं नाव लिहा. मग नावं वाटून घ्या आणि दर आठवड्याला बदला. बापाचंही नाव त्यात हवं. बाप ताटावरून उठून हात धुऊन निघून जात असेल, तर मुलगा आपलं ऐकणार नाही, बापाचं पाहणार.

आणि मुलगी थकल्यासारखी दिसत असेल, नखं-डोळे पांढुरके असतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या. हंडा त्या दिवसापासून दुसऱ्या कोणीतरी उचलावा.

जय भीम.