खग्रास ग्रहण आणि सोबतची शिदोरी

गेल्या महिन्यात ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर ‘२ ऑगस्ट २०२७, लक्झर, इजिप्त’ एवढेच लिहिले होते. “डॉक्टरसाहेब, वर्गात चेंडू आणि कंदील घेऊन आयुष्यभर खग्रास ग्रहण शिकवलं, पाहिलं मात्र एकदाही नाही. मुलं म्हणतात, या वयात कशाला?” मी लगेच उत्तर दिले नाही. असाच एक प्रवास मी स्वतः चुकीचा आखला होता.

२२ जुलै २००९ रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरतेवरून जाणार होता. माझे वडील तेव्हा ६९ वर्षांचे, मधुमेही. १९८०च्या फेब्रुवारीतील ग्रहणात त्यांनी आम्हां मुलांना दारे-खिडक्या लावून घरात बसवले होते. त्याची रुखरुख त्यांना असावी. या वेळी त्यांनीच “जाऊ या” म्हटले. गाडी, खोली, ग्रहणाचे चष्मे सारे मी पाहिले. मात्र आदल्या संध्याकाळपासून त्यांनी वेध पाळले, जेवणाला हात लावला नाही आणि साखर उतरवणारी गोळी नेहमीप्रमाणे घेतली, हे मी विचारलेही नाही. पहाटे गच्चीवर ते घामाने भिजले, असंबद्ध बोलू लागले. साखर भरलेला पेला मी त्यांच्या ओठांशी धरला असतानाच अंधार पडला. सूर्य तर ढगांआड होताच. ती तीन मिनिटे मी त्यांच्या नाडीवर बोट ठेवून काढली. पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. डॉक्टर असून मी प्रवासाची तयारी केली, प्रवाशाची केली नाही.

म्हणून पहिली गोष्ट अन्नाची. वेध पाळण्याची श्रद्धा असेल, तर औषधांचे काय करायचे हे निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीवर नेतात. बाल, वृद्ध व आजारी यांच्यासाठी पंचांगातही वेधाचे नियम सैल सांगितलेले असतात, हे घरातील ज्येष्ठांना जरूर दाखवा. घाम, थरथर, गोंधळ दिसल्यास आणि माणूस गिळू शकत असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट ऋतूची. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते, तर इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला. जानेवारीचे आकाश त्यांना अनुकूल होते. जुलैचे आम्हांला नव्हते. लक्झरला ढगांची भीती जवळजवळ नाही, पण ऑगस्टमधील तेथील पारा चाळिशीपार जातो आणि सूर्य झाकला जाणार आहे तो ऐन दुपारी. उन्हाळ्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना भोवळ येऊ शकते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी किती प्यावे हेही ठरवून घ्यावे. गोळ्यांचे प्रमाण मनाने बदलू नये. सावली आणि जवळचे स्वच्छतागृह आधी शोधावे, दुर्बीण नंतर.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. इजा झाल्याचे काही तासांनी उमगते. एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल किंवा पाण्यातले प्रतिबिंब यांवर विसंबू नका. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा, ओरखडा नसलेला चष्माच वापरा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली तरी हाच नियम. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले असतानाच चष्मा काढायचा, पहिला किरण दिसण्याआधी पुन्हा लावायचा. वयस्क डोळे अंधाराला सावकाश सरावतात. त्यामुळे त्या वेळी चालू नका, खुर्चीत बसून राहा, हाताशी विजेरी ठेवा.

विमानात औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह असावीत. सामानकक्षातल्या थंडीने इन्सुलिन निकामी होऊ शकते. तासाभराने उठून चार पावले चालावे. प्रवास विम्यात जुने आजार लपवू नयेत.

शिक्षकांना मी म्हटले, “सर, जा. पण आधी हृदयाची तपासणी, आणि सोबत मुलगा.” मुलगा बाहेरच बसला होता. त्याला आत बोलावून मी एकच विनंती केली: वडिलांना अडवू नकोस, आणि आदल्या रात्री ते जेवले का, एवढे मात्र विचार. लक्झरला खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. ती सहा मिनिटे त्या दोघांना आकाशाकडे पाहता यावे.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. त्याच दिवशी आपल्याकडे दुपारनंतर हे ग्रहण खंडग्रास दिसेल, श्रावणसरींनी उघडीप दिली तर. चष्मा तेव्हाही लागेलच, आणि जेवणही.