मठ्ठ नव्हती ती, तिला ऐकूच येत नव्हतं!



आमच्या वस्तीतली एक मुलगी चौथीपर्यंत शाळेत 'मठ्ठ' म्हणून ओळखली जायची. हाक मारली तरी उठायची नाही, श्रुतलेखनात भलतेच शब्द लिहायची. तिला शेवटच्या बाकावर बसवलं. "यांच्या घरात अभ्यासाचं वातावरणच नसतं," हे वाक्य आम्ही त्याच शाळेच्या व्हरांड्यात आमच्या कानांनी ऐकलं. मुलीचा कान दुसरीपासून वाहत होता. आई लसूण टाकून कोमट तेल सोडायची, कारण घरात तेवढंच औषध ठाऊक होतं. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा कळलं, दोन्ही कानांच्या पडद्यांना छिद्र आहे. औषध आणि पडद्याची शस्त्रक्रिया, एवढाच तो प्रश्न होता. तीन वर्षं त्या प्रश्नाला जातीचं उत्तर दिलं गेलं!

आता कुणी शहाणा विचारेल, कान दुखतो तिथे जात कुठून आली? आम्ही सांगतो. कान फुटणं हा दाटीच्या खोलीचा, चुलीच्या धुराचा, सतत वाहणाऱ्या नाकाचा आणि अर्धपोटी राहण्याचा आजार आहे. मुलांमधला सुमारे 60 टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोवर-रुबेलाची लस, बाळंतपणातली काळजी, कावीळ झालेल्या नवजात बाळावर वेळेत उपचार, वाहत्या कानाला डॉक्टर. यातलं काय कुणाच्या वाट्याला येतं, हे या देशात कोण ठरवतं?

शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी, असा दंड गौतम धर्मसूत्राने सांगितला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाने जन्मांध आणि जन्मबधिराला वारसाहक्कातून हाकललं. आज कुणी कानात धातू ओतत नाही. तपासणी होत नाही, एवढंच पुरतं. आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, मागल्या जन्मीचं भोग. पण मागल्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये साफ नाकारला आहे. बौद्धाच्या घरात बहिरेपणाला नशीब म्हणणं म्हणजे दीक्षा घेऊनही उंबरठ्याबाहेरच उभं राहणं.

योजना नाहीत असं नाही. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 पासून आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यायचं असतं. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे. मग पथक येतं तेव्हा काय होतं? आम्ही पाहिलंय. वजन, उंची, जीभ दाखव, "ऐकू येतं ना?" मूल ओठ बघून मान हलवतं. झाली तपासणी!

खरा नियम सोपा आहे. बाळ एक महिन्याचं होईपर्यंत चाळणी तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. ओएई ही तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. शंका आली तर बेरा करतात. भाषा मेंदूत रुजते ती पहिल्या काही वर्षांत. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मोफत मिळू शकतं, पण त्याला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. सहाव्या वर्षी जागं झालेल्या बापाला तिथे दार बंद मिळतं. शस्त्रक्रियेनंतरही महिनोन् महिने वाचा-उपचार लागतात. मजुरी बुडवून मुलाला तिथे कोण नेणार, याचा हिशेब योजनेत नाही.

मोठ्यांचं काय? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आयुष्य घालवलेल्या माणसाला घरात म्हणतात, "कानात बोळे घातलेत का?" आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. पण जो कारखाना म्हणून नोंदलेलाच नाही, त्या शेडमधल्या कामगाराने ते कलम दाखवायचं कुणाला? ही मेलेली नस औषधाने परत येत नाही. इअरमफ आणि दरवर्षीची ऑडिओमेट्री हाच उपाय, आणि तो मालकाकडून वसूल करायचा आहे.

काही मित्र म्हणतात, आधी अत्याचार, आरक्षण, मग कान. मित्रांनो, 2016 च्या दिव्यांग कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण दिलं, त्यात 1 टक्का कर्णबधिरांसाठी. जी मुलगी चौथीतच शाळेबाहेर पडते ती त्या जागेपर्यंत पोहोचणार कशी? 'शिका' हा आदेश आधी कानावर तरी पडला पाहिजे.

आणि एक सवाल आपल्यालाच. ज्यांना ध्वनिप्रदूषण फक्त 14 एप्रिललाच आठवतं त्यांचा दुटप्पीपणा आम्ही ओळखतो. पण डीजेच्या भिंतीपुढे, शंभर डेसिबलच्या वर, खांद्यावर बसलेलं तान्हं बाळ आपलंच असतं. कानाची नस मिरवणूक कुणाची ते विचारत नाही.

म्हणून येत्या महिन्यात प्रत्येक विहारात एक वही ठेवा. कान वाहणारी मुलं, उशिरा बोलणारी मुलं, टीव्हीचा आवाज वाढवणारे आजी-आजोबा, सगळ्यांची नावं लिहा. ती वही घेऊन दहा जणांनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. विचारा, ऑडिओमीटर कुठे आहे, तो चालवणारं माणूस कुठे आहे, पद रिकामं असेल तर किती दिवसांपासून? उत्तर लेखी मागा. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच.

ती मुलगी आता सातवीत आहे. श्रुतलेखनात तिचे शब्द चुकत नाहीत. तिला मठ्ठ म्हणणाऱ्यांनी मात्र अजून स्वतःचे कान तपासलेले नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!