नाकापेक्षा मोती जड होऊ नये

फाल्गुन संपत आला होता. दर महिन्याला रक्तदाब तपासून घेण्यासाठी येणाऱ्या एक आजी नेहमीप्रमाणे नातीचा हात धरून दवाखान्यात आल्या. आजींचे वय ब्याऐंशी, नातीचे बावीस. आजींच्या गोळ्यांची डबी भरणे, रक्तदाबाची वही लिहिणे, जिना उतरताना आधार देणे ही सारी कामे ही मुलगी नोकरी सांभाळून करते. तपासणी झाली, औषधे लिहून झाली, तरी दोघी उठेनात. अखेर आजीच म्हणाल्या, "डॉक्टर, हिला नाक टोचून घ्यायचंय. हिचा बाप म्हणतो फॅशन आहे, आई म्हणते पिकेल. आता तुम्हीच काय ते सांगा. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ना!"

हा प्रश्न कानावर आला की मला माझी एक जुनी चूक आठवते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने मला हेच विचारले होते. बाहेर गर्दी होती. मी हसलो आणि म्हणालो, "नाकाला भोक पाडून काय मिळणार? अभ्यासाकडे लक्ष दे." तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तिच्या नाकाची एक बाजू सुजून लाल झाली होती, अंगात ताप होता. कुठल्याशा जत्रेत तिने नाक टोचून घेतले होते. नंतर आठ दिवस ओढणीआड चेहरा लपवून कॅप्सूलमधली पूड जखमेवर लावत होती. घरी सांगायची चोरी आणि डॉक्टर आधीच हसलेला! पू कूर्चेपर्यंत पोहोचला होता. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी चीर देऊन तो काढला. नाक वाचले, पण त्या बाजूला बारीकशी खाच कायमची राहिली. त्या खाचेत माझ्या हसण्याचाही वाटा आहे, असे मला आजही वाटते.

म्हणून वडीलधाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की, सज्ञान मुलीने वा मुलाने नाक टोचावे की नाही, हा निर्णय त्यांचा आहे. आपल्या नापसंतीने ते टोचणे थांबेलच असे नाही. दुखले-खुपले ते सांगणे मात्र नक्की थांबते. बहुतेक वेळा खरे नुकसान टोचण्याने होत नाही, लपवण्याने आणि उशिराने होते.

नाक म्हणजे कानाची पाळी नव्हे

आपल्याकडे कान टोचण्याचा अनुभव घरोघरी असतो आणि तोच नाकाला लावला जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णवेधाचा विधी आहे. सूर्यप्रकाशात कान धरून जागा पाहावी, सरळ सुईने टोचावे, नंतर वात घालावी आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात घालत जावे, असे त्यात सांगितले आहे. नाकातील दागिन्याचा उल्लेख मात्र आपल्या वाङ्मयात बऱ्याच उशिरा येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा स्वतंत्र मागोवा घेतला होता. सुश्रुतांच्या त्या विधीतून आजही घेण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे जखमेला लागणारा धीर.

कानाच्या पाळीत कूर्चा नसते. ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. नाकपुडीच्या भिंतीत मात्र कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. त्यामुळे तेथे शिरलेला जंतुसंसर्ग हटवणे कठीण जाते आणि आकार बिघडू शकतो. शिवाय दर तीन-चार निरोगी माणसांपैकी साधारण एकाच्या नाकात स्टॅफिलोकोकस हे पू निर्माण करणारे जंतू एरवीही वास करतात. नाकपुडीचे छिद्र पुरते भरून यायला चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. बाहेरून जखम सुकलेली दिसली तरी आतून ती ओलीच असते.

टोचण्यापूर्वी

लहानपणी सांधेदुखीचा ताप आलेला असणे, हृदयाच्या झडपेचा किंवा जन्मजात हृदयाचा विकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, जुन्या जखमेचा व्रण जाड होऊन वाढत जाण्याची प्रवृत्ती, मुरुमांसाठी चालू असलेले आयसोट्रेटिनॉइन: यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. घरातील कोणाला काय झाले होते, हे वडीलधाऱ्यांनाच नेमके आठवते. त्यांनी ते न विसरता सांगावे.

हिपॅटायटिस बी हा काविळीचा प्रकार दूषित सुईतून पसरतो. याची लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती २०११ च्या सुमारास. आज विशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेली नसण्याची शक्यता आहे. लसीकरणाचे कार्ड शोधा. नोंद नसेल तर तिन्ही मात्रा पूर्ण करा. धनुर्वाताची शेवटची मात्रा घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर तीही घ्यावी.

टोचणारा सोनार असो, डॉक्टर असो की दुकानदार, चार गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. हात धुऊन नवे हातमोजे घातले का, सुई आपल्यासमोर बंद पाकिटातून काढली का, जागा जंतुनाशकाने पुसली का, आणि घालायची चमकी निर्जंतुक केलेली आहे का. स्पिरिटचा बोळा फिरवला म्हणजे निर्जंतुकीकरण झाले, असे नव्हे. त्यासाठी दाबाखालील वाफ लागते. खटक्याच्या बंदुकीने नाक टोचू नये. तिचे प्लॅस्टिकचे भाग वाफेत घालता येत नाहीत आणि ती बोथट काडी जोराने आत दाबते. पहिली चमकी इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमची किंवा किमान अठरा कॅरट सोन्याची असावी. ज्यात निकेल आहे अशा स्वस्त धातूने खाज व पुरळ उठते. ताज्या जखमेत चांदीही नको.

टोचल्यानंतर

येथे आजी सरसावून बसल्या. "आम्ही तर हळद-खोबरेल लावायचो आणि तार रोज फिरवायचो." त्यांचे नाक पाचव्या वर्षी सोनाराने सोन्याच्या तारेने टोचले होते. मी म्हणालो, "आजी, तुमचं नाक त्यातूनही बरं झालं, ही तुमच्या प्रकृतीची पुण्याई." फिरवल्याने नवी त्वचा रोज फाटते. हळद, तेल, राख, हायड्रोजन पेरॉक्साइड, यांपैकी काहीही नको. साबणाने हात धुऊन, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक सलाइनने भिजवलेला गॉजचा तुकडा दिवसातून दोनदा काही मिनिटे धरावा. खपली मऊ झाली की आपोआप निघते, नखाने काढू नये. टॉवेलचा धागा अडकणार नाही, असे चेहरा टिपावे. बस्स, एवढेच.

पहिले काही आठवडे थोडी लाली, थोडी सूज आणि पातळ पांढुरका स्राव असतो. तो पू नव्हे. पण दुखणे वाढत गेले, लाली पसरली, दाट हिरवट-पिवळा पू आला, ताप आला किंवा चमकीचे टोक कातडीत रुतले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. चमकी स्वतः काढू नये. छिद्र मिटून पू आत कोंडू शकतो. डोळ्याभोवती सूज आणि तीव्र डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय गाठावे. असे क्वचितच होते. पण नाकाभोवतीच्या शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी असल्याने त्याकडे दुर्लक्ष नको.

सारे ऐकून झाल्यावर आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत त्यांची स्वतःची खड्याची चमकी होती. यजमान गेले त्या दिवशी काढलेली, तेव्हापासून जपून ठेवलेली. "हिच्या नाकात पहिली हीच घालायची." मी चमकी पाहिली. मागची फिरकी झिजलेली, काडी जाड. जुनी फिरकी जखमेत घालणे योग्य नव्हते. मी म्हणालो, "ही घालायला सहा महिने थांबावं लागेल."

"सहा महिने?" आजी हसल्या. "माझं वय लिहिलंय ना तुमच्या वहीत?"

यावर देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. नातच म्हणाली, "आजी, पाडव्याला टोचू. दसऱ्याला तुझी घालू. तोवर तुझ्या गोळ्या एकही दिवस चुकायच्या नाहीत."

पाडव्याला तसे झाले. सोबत तिची आईही गेली होती.

आता आपल्या वाचक आजींसाठी दोन शब्द. वर्षानुवर्षे जड नथ वापरून छिद्र ओघळले असेल तर चापाची हलकी नथ वापरावी. नाकापेक्षा मोती जड झाला की छिद्र फाटते. फाटलेले छिद्र लहानशा शस्त्रक्रियेने शिवता येते. तसेच एमआरआय किंवा शस्त्रक्रियेपूर्वी चमकी काढावी लागते. अनेक वर्षांत न काढलेली फिरकी ऐनवेळी निघत नाही. ती अधूनमधून साबणाच्या पाण्याने सैल करून पाहावी.

हे लिहिताना श्रावण चालू आहे. त्या मुलीच्या नाकाला पाचवा महिना लागला आहे. मध्यंतरी छिद्राशेजारी एक लहानशी लाल गाठ आली, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी दाखवायला आली, आणि ती गाठ साध्या काळजीने बसली. परवा आजींचा रक्तदाब मोजला, नेमस्त होता. वहीच्या कोपऱ्यात नातीने दसऱ्यापर्यंतचे दिवस मांडले आहेत, आणि रोज सकाळची गोळी घेतली की आजी त्यातला एक खोडतात.