पडद्यावरची मोटार

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘रेसमो’ ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार मांडली. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती! ‘फोर्झा होरायझन ३’ या व्हिडिओ गेममध्येही ती आणायचे जाहीर झाले. विक्रीला मात्र ती कधी आलीच नाही.

खेळातली मोटार आपटली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. खऱ्या मोटारीला वजन, उष्णता, ब्रेक आणि खर्च या चारही परीक्षा द्याव्या लागतात. आमच्या नांदूरघाटात ट्रॅक्टर खोलून जोडणारी पोरे आहेत. त्यांच्या हाती मोबाईलवरचा खेळ आला, वर्कशॉप काही आले नाही. मंडळी, चित्र लोखंडात उतरवायला पाना आणि शिकवणारा लागतो. शाळांनी तेवढे तरी द्यावे, असे मला वाटते.