बाकीचे ६९ जीबी कुणी खाल्ले?

दिवाळीत घरी गेलं की पुण्यातला इंजिनीअर गावात आपोआप 'कम्प्युटरवाला' होतो. फी म्हणजे चहा आणि चिवडा. आमचं शेंदूरजनाघाट हे वरुड तालुक्यातलं संत्र्याच्या कलमांचं गाव. इथे माल मोजून घेतल्याशिवाय कुणी पैसे देत नाही. त्यामुळे मी नेलेल्या एक टीबीच्या हार्ड डिस्कवर ९३१ जीबी दिसताच बाबांनी चष्मा वर केला.

"काऊन रे, बाकीचे ६९ कोनं खाल्ले?"

कुणीच नाही! डिस्क बनवणारे टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं, इतके बाइट मोजतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं. त्याचा एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. भागून बघा, ९३१ च येतात. या मोठ्या मापाला १९९८ मध्ये 'गिबीबाइट' असं वेगळं नावही मिळालं, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. अॅपलने मात्र २००९ मध्ये मॅकवर हजाराचं माप घेतलं.

बाबांनी दोन मिनिटं विचार केला. "म्हणजे चौसष्ट पैशाचा रुपया अन् शंभर पैशाचा रुपया!" करेक्ट! १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे ६४ पैसे होते, नंतर १०० नवे पैसे झाले. रुपया तोच, पैसा लहान झाला.

मग बाबांनी कपाटातून दुसरी वस्तू काढली. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला 'दोन टीबी'चा पेन ड्राइव्ह. याने आकडा पूर्ण दाखवला, म्हणून त्यांचा यावर जास्त विश्वास! जुना कम्प्युटर भंगारात देण्याआधी आजीचे सगळे व्हिडिओ त्यांनी यातच टाकले होते. आजी सरगुंडे करतेय, आजी नातवाला रागावतेय. आजी आता नाही.

पहिले चार व्हिडिओ चालले. पुढच्यांची नावं होती, साइज होती, पण एकही उघडेना. आत मेमरी होती जेमतेम ३२ जीबी. अशा बनावट ड्राइव्हचं फर्मवेअरच कम्प्युटरला खोटी कपॅसिटी सांगतं. जागा संपली की नवा डेटा सरळ फेकला जातो किंवा जुन्यावर लिहिला जातो. फाइलची नावं सुरुवातीच्या भागात असतात, म्हणून यादी मात्र टिकते.

तर मंडळी, लक्षात ठेवा:

• छापलेल्या आकड्याच्या ९३ टक्के दिसतंय? बिनधास्त राहा.

• फारच कमी दिसतंय? 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, 'अनअॅलोकेटेड' जागा पडलीय का बघा. तीन टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवत असेल, तर संशय जुन्या ड्रायव्हरवर घ्या. त्याची धाव दोन टीबीपर्यंतच असते.

• भाव फारच गोड आहे? आधी 'एच२टेस्टडब्ल्यू' चालवा. तो ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि परत वाचून पडताळतो. लिनक्सवाल्यांसाठी 'एफ३' आहे.

• आणि ओरिजिनल कॉपी लगेच उडवू नका. प्लीज!

त्या रात्री नव्या डिस्कवर टेस्ट लावून झोपलो. सकाळी चहाच्या आधी बाबा हजर.

"मोजून झालं का रे?"

झालं होतं. पूर्ण भरलं. मग आजीचे चार व्हिडिओ आधी त्यात टाकले, आणि एक कॉपी माझ्या लॅपटॉपवर.