क्रे नाकारला, परम आला. आता जीपीयूचं काय?

एखादं छोटं एआय मॉडेल ट्रेन करायला बसलात, फुकटच्या क्लाउडवर जीपीयू मिळाला आणि ऐन रंगात आल्यावर स्क्रीनवर ‘तुमची लिमिट संपली’ असं झळकलं. कॉम्प्युटर किंवा डेटा सायन्सवाल्यांना यात काही नवीन नाही. पण हाच मेसेज अख्ख्या देशाला आला तर?

हे अगदीच हवेतलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या बायडेन सरकारने जाता जाता एक नियम काढला. जगातल्या देशांचे तीन गट पाडले. जवळचे १८ दोस्त पहिल्या गटात, त्यांना एआयच्या चिप हव्या तेवढ्या. चीन-रशिया तिसऱ्या गटात, त्यांना दार बंद. आपण मधल्या गटात, म्हणजे २०२७ पर्यंत मिळून साधारण ५० हजार प्रगत जीपीयू. मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने हा नियम लागू व्हायच्या आतच मागे घेतला. आपल्याकडे सगळ्यांनी ‘हुश्श’ केलं आणि विषय मागे पडला. मला मात्र तो इतक्यात मागे पडावा असं वाटत नाही. कारण हा सिनेमा आपण आधी एकदा पाहिलाय आणि त्याचं बरंचसं शूटिंग पुण्यात झालंय.

साल १९८७ च्या आसपास जाऊ. तेव्हाचा सुपरकॉम्प्युटर म्हणजे अमेरिकेतला ‘क्रे’. भारताला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी तो हवा होता. अमेरिकेला भीती अशी, की हे लोक त्यावर अण्वस्त्रांची आणि क्षेपणास्त्रांची गणितं करतील. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्यांनी एक लहान मॉडेल दिलं, क्रे एक्सएमपी-१४. तेही दिल्लीत, हवामानाच्या अंदाजासाठी, अटी घालून. बेंगळुरूचा मोठा क्रे काही आलाच नाही.

मग मार्च १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक सुरू झालं. (हो, तेच सीडॅक. आपल्याला नाव ऐकलं की सी-कॅटची परीक्षा आणि प्लेसमेंट आठवते, पण संस्था जन्मली ती या कामासाठी.) डॉ. विजय भटकर प्रमुख, हातात सुमारे ३० कोटी रुपये आणि ३ वर्षं. उद्दिष्ट होतं १ गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी आकडेमोडी. आज तुमच्या खिशातला फोन याच्या कितीतरी पट करतो, पण तेव्हा हा आकडा मोठाच होता.

क्रेचा एकेक प्रोसेसर भलताच दमदार असायचा. तसा बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. म्हणून सीडॅकने दुसरी वाट धरली. बाजारात मिळणाऱ्या साध्या चिप घ्यायच्या, त्या एकमेकींना जोडायच्या आणि काम वाटून द्यायचं. क्रे मशीनचा जनक सेमूर क्रे याच्या नावावर एक टोमणा सांगितला जातो: शेत नांगरायला तुम्ही दोन तगडे बैल घ्याल की १०२४ कोंबड्या? सीडॅकने कोंबड्या घेतल्या.

आणि कोंबड्यांकडून नांगरट करून घेणं खरंच अवघड असतं. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. एका वाढप्याऐवजी दहा उभे केले म्हणजे जेवण दहापट लवकर आटोपतं असं नाही. वरण आलं नाही तर भातवाला थांबतो, दोघे एकाच पानावर धडकतात, कुणी मीठ विसरतो. कुणी कधी काय वाढायचं हे आधी ठरलं तरच जमतं. कॉम्प्युटरमध्ये हे ठरवण्याचं काम सॉफ्टवेअर करतं आणि सीडॅकची खरी मेहनत तिथे होती. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. नावात ‘पॅरलल मशीन’ दडलंय, शिवाय संस्कृत अर्थ आहेच. पुढे परम रशियातही गेला.

तुमच्या रीलवर ही गोष्ट साधारण इथे संपते. मागे ढोल-ताशा, खाली ‘अमेरिकेने नाकारलं, भारताने बनवलं’. यात खोटं काही नाही, पण ही निम्मीच गोष्ट आहे.

उरलेली निम्मी अशी. परम ८००० मधली चिप होती ‘ट्रान्सप्युटर’, ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीची. प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी बोलायला चार लिंक असायच्या, त्यामुळे आपल्या कामाला ती अगदी फिट्ट. पण इनमॉस विकली गेली, पुढच्या चिपला उशीर झाला आणि हळूहळू ट्रान्सप्युटर हा प्रकारच संपला. आपली मशीन ज्या पायावर उभी होती तो पाया आपल्या हातात नव्हता. पुढचा परम इंटेलच्या चिपवर गेला, त्यानंतरचा सन कंपनीच्या. चिपचं घराणं बदललं की सॉफ्टवेअरचा मोठा भाग पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एक अख्खं सेमिस्टर सी प्लस प्लसमध्ये प्रोजेक्ट केल्यावर सरांनी ‘आता पायथनमध्ये द्या’ म्हणावं, तसं काहीसं.

आता आजच्याकडे या. जीपीयू म्हणजे काय, तर एकाच चिपवर हजारो छोट्या कोंबड्या. पॅरललचीच आयडिया, एआयने तिचं सोनं केलं. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मिशनची रक्कम १० हजार कोटींच्या वर आहे. लक्ष्य होतं १० हजार जीपीयूंचं, प्रत्यक्षात आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेलाय. स्टार्टअप, संशोधक आणि विद्यार्थ्यांना तासाला १०० रुपयांहून कमी दरात ते वापरता यावेत, अशी योजना आहे. ही चांगलीच गोष्ट आहे, तुमच्या कॉलेजने माहिती दिली नसेल तर एचओडींना विचारा. पण यातले बहुतेक जीपीयू अमेरिकन एनव्हिडियाचे. नुसती चिपच नाही, तर त्यावर कोड चालवायची ‘कुडा’ ही व्यवस्थाही त्यांचीच, २००७ पासूनची. तुम्ही एआयच्या लॅबमध्ये जे शिकता त्यातलं बरंचसं शेवटी तिच्यावरच धावतं. उद्या चिप बदलायची म्हटली तर कोडचं काय, हा ट्रान्सप्युटरवाला प्रश्न पुन्हा उभा आहे. फक्त यावेळी तो कित्येक पट मोठा आहे.

म्हणून ‘स्वदेशी सुपरकॉम्प्युटर’ अशी हेडलाइन दिसली की मी आधी बघते, त्यातलं नेमकं काय स्वदेशी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात मिळून तीन ‘परम रुद्र’ आले. पुण्यातला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. त्याचे सर्व्हर सीडॅकने डिझाइन केले, बनले भारतात, आतला प्रोसेसर इंटेलचा. त्याच दिवशी पाषाणच्या आयआयटीएममध्ये हवामानासाठी ‘अर्का’ सुरू झाला. मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकटीत मिळणारा अंदाज त्याच्यावरच निघतो, आधी ही चौकट १२ किलोमीटरची होती. शेतकऱ्यासाठी हा फरक खरोखर मोठा आहे. मशीन मात्र फ्रेंच कंपनीकडून घेतलेलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळं घरी बनवणारा देश आज जगात एकही नाही. अमेरिकाही प्रगत चिपसाठी तैवानवर अवलंबून आहे. प्रश्न एवढाच, की कुठल्या थरावर आपली माणसं तयार आहेत?

१९८८ मध्ये ती सॉफ्टवेअर आणि जुळणीच्या थरावर होती, म्हणून नकार पचवता आला. आता चिप डिझाइनकडे सरकायचा प्रयत्न दिसतोय. ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५ हजार जणांना तयार करायचं लक्ष्य आहे, महागडी डिझाइन टूल्स कॉलेजांना मोफत मिळताहेत. ईएनटीसीला ‘स्कोप नाही’ म्हणून कॉम्प्युटरकडे पळणाऱ्यांनी हे एकदा बघायला हरकत नाही. सीडॅक स्वतः ‘औम’ नावाचा सुपरकॉम्प्युटरचा प्रोसेसर डिझाइन करतंय. आतापर्यंत जाहीर झालंय त्यानुसार त्याचा मूळ आराखडा आर्म कंपनीकडून घेतलाय आणि चिप तयार होणार तैवानमध्ये. आर्म कुठली? इनमॉससारखीच, ब्रिटनमधली.