अलीच्या बायकोला कुणी कळवलं?

ज्यांनी 'स्क्विड गेम'चा दुसरा सीझन अजून पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी सगळं फोडणार आहे.

26 डिसेंबरला तो आला. माझ्या अकरावीतल्या मुलाने रात्र जागून सात भाग संपवले आणि सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी मला म्हणाला, "अम्मी, हा काय शेवट झाला?" मग मीही बसले. मला तीन रात्री लागल्या, कारण मधे वह्या होत्या. शेवटच्या भागात गी-हुनच्या डोळ्यांसमोर त्याचा जिवलग दोस्त जंग-बे याला गोळी घातली जाते, गी-हुन किंचाळतो आणि संपलं. गोष्ट मधेच कापलेली. तिसरा आणि शेवटचा सीझन 27 जून 2025 ला आला. तोवर प्रश्नांचा बाजार तेजीत होता.

शाळा उघडल्यावर कळलं की माझ्या नववीच्या वर्गातही अर्ध्या मुलांनी ही मालिका पाहिली आहे. ती त्यांच्या वयासाठी नाही, हे मी त्यांना रीतसर सांगितलं. त्यांनी रीतसर मान हलवली. मग मधल्या सुट्टीत त्यांचीच चर्चा कान देऊन ऐकली. पोलीस असलेला जुन-हो बेट शोधतोय, पण त्याच्या बोटीचा कप्तानच फितूर निघाला, तो कुणाचा माणूस? बंदूकधारी पहारेकऱ्यांत असलेली, उत्तर कोरियातून पळून आलेली नो-उल पुढे काय करणार? ग्योंग-सोक, ज्याच्या मुलीला कॅन्सर आहे, तो खरंच मेला का? गोळी तर झाडलेली दिसली, पण मुलांचं म्हणणं असं की नीट दाखवलेलं नाही, म्हणजे जिवंत असणार. 222 नंबरच्या मुलीचं बाळंतपण त्या बेटावरच होणार का? आणि इन-हो, म्हणजे सगळा खेळ चालवणारा तो काळ्या मुखवट्याचा माणूस, खेळाडू बनून गी-हुनच्या शेजारी का बसला? पहिल्या मतदानात 182 विरुद्ध 182 झालेलं असताना त्याने खेळ चालू ठेवण्याच्या बाजूने शेवटचं बटण दाबलं. पण तिसऱ्या मतदानात तोच बंद करण्याच्या बाजूने मत देतो आणि निकाल 50 विरुद्ध 50 येतो. हे कोडं खरंच सुरेख आहे. पण त्याची उत्तरं तिसऱ्या सीझनसाठी राखून ठेवलेली होती. लिहिणारा ह्वांग डोंग-ह्योक धागे सोडतो तेव्हा त्यांची टोकं त्याच्या मुठीत असतात.

माझा प्रश्न त्याच्या मुठीत आहे असं मला वाटत नाही. तो पहिल्या सीझनमधला आहे, 2021 चा. अलीच्या घरी कुणी कळवलं का?

अली आठवतोय ना? नंबर 199. पाकिस्तानातून कामाला आलेला, हाताची बोटं यंत्रात गेलेली, सहा महिन्यांचा पगार मालकाने अडवलेला. पगार मागायला जातो, झटापट होते, मालकाचा हात यंत्रात सापडतो. अली तिथले पैसे उचलून पळतो, ते बायकोच्या हातात ठेवतो, तान्ह्या बाळाला घेऊन मायदेशी जा म्हणतो, आणि मागाहून येतो असं सांगून पुन्हा खेळात जातो. पुढे गोट्यांच्या खेळात सांग-वू त्याच्या पिशवीतल्या गोट्या काढून घेतो आणि खडे भरून देतो. ज्याला तो 'साहेब' म्हणायचा आणि ज्याने त्याला "साहेब नको, भाऊ म्हण" असं सांगितलं होतं, त्याच भावाने. हा भाग पाहून आमच्या घरी माझी सासूबाईही रडल्या होत्या, ज्या एरवी या मालिकेला 'ती जुगाराची' म्हणतात. (चुकीचंही नाही म्हणत.) अलीचं काम करणारा अनुपम त्रिपाठी आपल्या दिल्लीचा आहे, कोरियात नाटक शिकायला गेलेला. तो पाकिस्तानी म्हणून उभा राहिला आणि दोन्हीकडच्या लोकांना आपला वाटला, यात सगळं आलं.

इथे एक उर्दू शिकवणारी बाई म्हणून माझी जुनी खोड बोलून दाखवते. त्याचं नाव मालिकेत 'अली अब्दुल' आहे. अब्दुल हे आडनाव नव्हे, आणि नुसतं अब्दुल हे पुरतं नावही नव्हे. अब्द म्हणजे बंदा, दास. 'अब्दुल' म्हटलं की पुढे कुणाचा हे यावंच लागतं: रहमान, करीम, अझीझ, कादिर. नुसतं अब्दुल म्हणजे षष्ठीचा प्रत्यय लावून सोडून दिलेलं वाक्य. दुसऱ्या सीझनमध्ये इन-हो खेळाडू बनून येतो तेव्हा त्याचं खोटं नाव असतं ओ योंग-इल, आणि कोरियन अंकांत ते पाच, शून्य, एक असं वाचता येतं. त्याच्या छातीवरचा नंबर आहे 001. खोट्या नावावर एवढी मेहनत घेणाऱ्या लेखकाने अलीचं खरं नाव अर्धवट सोडलं. मला राग नाही आला. माझ्याच जिल्ह्यात हजेरीपटावर कितीतरी पोरं नुसती 'अब्दुल' आहेत, आणि गाडीचं चाक पंक्चर झालं की हसत हसत कुणाचं नाव घेतलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे. पण अर्ध्या नावाचा माणूस विसरायला सोपा जातो, एवढं त्यावेळी मनात आलं.

आणि गी-हुन त्याला विसरला.

पहिल्याच खेळात, त्या बाहुलीसमोर, गी-हुन अडखळून पडणार होता. मागून अलीने त्याची कॉलर धरली आणि बाहुलीची मान पुन्हा फिरेपर्यंत एका हाताने तोलून धरलं. तेव्हा तो मेला असता तर ना पहिला सीझन ना दुसरा. जिंकून बाहेर आल्यावर त्याच्या खात्यात 45.6 अब्ज वॉन पडले, आपल्या हिशेबात 4,560 कोटी वॉन. 456 माणसं, प्रत्येकाच्या जिवाचे 10 कोटी. त्यातले 10 कोटी अलीचे. वर्षभर तो त्या पैशाला हात लावत नाही. मग से-ब्योकच्या लहान भावाला अनाथाश्रमातून आणून सांग-वूच्या आईकडे सोडतो, सोबत पैशांनी भरलेली बॅग. म्हणजे ज्याने अलीला फसवून मारलं त्याच्या आईला पैसे पोचले. म्हातारीचा काय दोष, पोचायलाच हवे होते. पण ज्याला मारलं त्याच्या घरी?

माझा मुलगा म्हणाला, "अम्मी, त्याला पत्ता कुठे माहीत होता?" बरोबर आहे. से-ब्योकला त्याने शब्द दिला होता, अलीने काही मागितलंच नव्हतं. म्हणून तर मी दुसऱ्या सीझनची वाट पाहत होते. आणि दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला काय दाखवलं? जे सावकाराचे लोक एकेकाळी त्याला बडवायचे, त्यांनाच पगारावर ठेवून गी-हुनने सोलच्या भुयारी रेल्वेची स्टेशनं वर्षानुवर्षं पिंजून काढली. कशासाठी, तर सूटबूट घालून लोकांशी डाकजी खेळणाऱ्या त्या एका माणसाला शोधायला. लाखोंच्या गर्दीतला, नाव नसलेला एक माणूस. तो सापडला. मोटेल विकत घेतलं, बंदुका घेतल्या. मारणाऱ्याला शोधायला पैसा, माणसं, वर्षं, सगळं होतं. कामगाराच्या विधवेचा पत्ता तर त्याच्या जुन्या कारखान्यातल्या कुठल्याही कामगाराने सांगितला असता.

लेखकाला या जगाची माहिती नाही असंही म्हणता येत नाही. गी-हुनचा भूतकाळ त्याने 2009 च्या सांगयोंग मोटर्समधल्या कामगार कपातीवरून आणि संपावरून घेतला, हे त्याने स्वतः सांगितलंय. आणि कोरियात परदेशी कामगाराची अवस्था तिथल्या वर्तमानपत्रांत उघड छापून येते. 2004 पासून तिथे परदेशी मजुरांसाठी परवान्याची पद्धत आहे, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ अशा अनेक देशांशी करार आहेत, आणि त्या परवान्यावर आलेल्याला मालक बदलायचा तर बहुतेक वेळा आधी मालकाचीच संमती लागते. आखातातल्या कफीलची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. 2024 च्या जूनच्या 12 तारखेला कुवेतमध्ये मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली, चाळीसहून जास्त भारतीय गेले. बाराच दिवसांनी, 24 जूनला, कोरियात ह्वासोंगला बॅटरीच्या कारखान्यात आग लागली, 23 मेले, त्यातले 18 परदेशी. अली काल्पनिक आहे, पण तेवढाच.

दुसऱ्या सीझनमधला एक प्रसंग मला म्हणूनच जास्त खुपला. रात्री दिवे जातात आणि खेळ चालू ठेवू पाहणारा गट दुसऱ्या गटावर तुटून पडणार हे गी-हुनला आधीच कळलेलं असतं. तो आपल्या लोकांना पलंगांखाली लपायला सांगतो. मारामारी होऊ दे, काही मरतील, मग पहारेकरी आत आले की त्यांच्या बंदुका हिसकावू. मोठ्या कामासाठी थोडे गेले तर गेले. पलंगाखाली तो पडून राहतो आणि वर माणसं मरत असतात. हा तोच गी-हुन ज्याला दोन दिवसांपूर्वी प्रत्येकाला वाचवायचं होतं. लोक म्हणाले, इन-होच्या सहवासाने बदलला. मला वाटतं, हा हिशेब त्याच्यात आधीपासून होता. ज्याच्यामुळे तू जिवंत आहेस त्याच्या घरचं दार तुला एकदाही आठवत नाही, मोठ्या शत्रूला शोधायच्या नादात, तर पलंगाखालचा गी-हुन काही एका रात्रीत झालेला नाही. लेखकाने हे मुद्दाम केलं असेल तर मी त्याला सलाम करेन. पण दुसऱ्या सीझनमध्ये अलीच्या घरच्यांबद्दल मला एक शब्द सापडला नाही, त्यामुळे मला ते मुद्दाम वाटत नाही. विसरला, एवढंच.

आपल्याकडे जनाजा उचलण्याआधी मुलगा नाहीतर भाऊ उभा राहून सांगतो: मय्यतकडून कुणाचं काही येणं असेल तर आमच्याकडे या, नाहीतर माफ करा. वारसांत वाटणी व्हायच्या आधी कर्ज फिटतं. अलीचा जनाजाच झाला नाही. त्या बेटावर मेलेल्यांना रिबन बांधलेल्या पेटीत घालून भट्टीत टाकतात. आणि अलीचं कुणाकडे येणं होतं, हे सांगायलाही कुणी उभं राहिलं नाही.

मग ती बाई काय करत असेल? नवरा मेला हे तिला माहीत नाही. म्हणजे ती विधवा नाही. इद्दत कुठून मोजायची? 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात, जो फाळणीनंतर पाकिस्तानातही राहिला, नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाईला कोर्टाकडून निकाह संपवून घेता येतो. पडद्यावरच्या वर्षांचा हिशेब सोडा, दुसरा सीझन आला तेव्हा आपल्या कॅलेंडरने 2021 च्या सप्टेंबरपासून चार वर्षं अजून पुरी व्हायची होती. माझी नववीची पोरं ग्योंग-सोकबद्दल म्हणतात तेच ती म्हणत असेल: नीट दाखवलेलं नाही, म्हणजे जिवंत असणार.

मी हे एवढं धरून का बसले, ते सांगते.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला होती. नात्याची नव्हे, पण सगळ्यांची खाला. तिचा नवरा दमामला गेला होता. तिला लिहिता येत नव्हतं, आणि मी तेव्हा पाचवीत, उर्दू अक्षर बरं होतं, म्हणून तिची खतं मी लिहायची. जमिनीवर पालथी पडून. ती सांगायची, मी लिहायची, "बाद सलाम के मालूम हो" पासून शेवटपर्यंत. पहिल्या वर्षी उत्तरं आली, ड्राफ्ट आले. मग बंद. आम्ही लिहीत राहिलो. छत गळतंय, मुलीला शाळेत घातलंय, पैसे नाही पाठवले तरी चालेल, दोन ओळी लिहा. सात वर्षं. चार वर्षांच्या कायद्याबद्दल तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ती गेली नसती. मी दहावीला गेले, कॉलेजला गेले, सुट्टीत आले की खाला एरोग्राम घेऊन यायची.

मग एका लग्नात शेजारच्या गावचा एक माणूस भेटला, दमामहून कायमचा परतलेला. खालाच्या नवऱ्याचं नाव निघालं तसा तो सहज बोलून गेला की हो, बिचारा, दुसऱ्याच वर्षी ट्रकखाली गेला ना. तिथेच दफन केला. खोलीतल्या सगळ्यांनी खांदा दिला. तो दुसऱ्याच कुणाच्या तरी पासपोर्टवर गेला होता, म्हणून सरकारी कागद या घरी आलाच नव्हता. आणि खोलीतल्या नऊ जणांपैकी प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने कळवलं असेल.

खालाला सांगायला माझी अम्मी गेली. खालाने मौलाना साहेबांना विचारून यायला सांगितलं. त्यांनी सांगितलं, इद्दत मौतच्या दिवसापासून मोजतात, तेव्हा ती कधीच पुरी झाली, आता बसायची गरज नाही.

खाला बसली. चार महिने दहा दिवस. मी त्या सुट्टीत तिच्याकडे गेले तेव्हा तिने लोखंडी पेटी उघडून उरलेले तीन एरोग्राम मला दिले आणि म्हणाली, तू मास्तरीण होणारेस ना, तुला लागतील.